लाँड्रीमागच्या झऱ्याचं वय

"पाण्याला भेटायला जाताना अंगावर काही मिरवत जाऊ नये," भूजलाच्या वर्गात मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. अंगठी नको, बांगडी नको, अत्तर नको, हाताला क्रीम नको, घड्याळ नको. मागच्या बाकावरून ती म्हणाली होती, "मॅडम, झऱ्यावर जायचंय की तुरुंगात?" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मग हाताचा खडू पुसत म्हणाल्या, "हस बाई. पाणी बोलत नाही म्हणून त्याला काही कळत नाही असं समजू नकोस."

त्या पथ्यांपैकी जी तिला पटली ती तिने पाळली. अत्तर सोडलं, क्रीम सोडलं. बाकीची, इतर शहाण्या मुलींसारखीच, परीक्षा झाल्यावर वहीबरोबर माळ्यावर टाकली.

आता ती भूजल प्रयोगशाळेत होती. झऱ्यांचं पाणी कुठून येतं आणि किती वर्षांपूर्वी पाऊस होऊन पडलेलं असतं, ते शोधायचं तिचं काम. पण हुद्दा काहीही असो, अख्खी पेठ तिला "सूनबाई"च म्हणायची, कारण सासूबाईंची लाँड्री पेठेत सगळ्यांत जुनी आणि सासूबाईंचा आवाज पेठेत सगळ्यांत मोठा. प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा फोन आला की हाक मारायचा, "सूनबाई, तुमचा आहे."

मुलगी झाली ती दिवस भरायच्या आधी. मुठीएवढी. डॉक्टर म्हणाले होते, भूक लागायची वाट बघू नका, घड्याळावर दूध पाजा. त्या दिवसापासून सूनबाईच्या मनगटावर बाबांचं घड्याळ चढलं ते उतरलंच नाही. बाबा गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी होते. प्लॅस्टिकच्या जाड डबीतलं ते घड्याळ अंधारात हिरवं चमकायचं. दिवा न लावता, बाळाची झोप न मोडता वेळ दिसायची, यापेक्षा आईला आणखी काय हवं? लहानपणी ते घड्याळ पांघरुणात घेतलं की तंबूच उजळायचा. आता आकडे जेमतेम दिसायचे. तिला वाटायचं, आपले डोळे थकले.

चिमी, म्हणजे ती मूठभर मुलगी, आता वर्षाची होऊन टोपल्या धरून चालायला लागली होती. तिला घड्याळावर पाजायची काही गरज उरली नव्हती. पण एकदा लागलेली धास्ती काही दुधाच्या दातांसारखी आपोआप पडत नाही. सूनबाई इस्त्रीच्या वायरी उचलून ठेवायची, बटणं मोजून डब्यात टाकायची, झोपलेल्या पोरीच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघायची आणि वेळ बघायची. अंघोळीलाही घड्याळ हातात. "जलरोधक आहे," ती सांगायची.

"आणि तू?" सासूबाई विचारायच्या. "तुझ्या डोक्यात कधी काही शिरतं का, की तूही जलरोधक?"

लाँड्रीच्या मागच्या बाजूला टेकडीचा कडा होता आणि कड्याच्या पोटातून तीन तोंडांनी झरा फुटायचा. खाली दगडी हौद. त्या पाण्यावर लाँड्रीचा बॉयलर चालायचा, दवाखान्याच्या चादरी धुतल्या जायच्या आणि सकाळ-संध्याकाळ पेठेतली बायामाणसं डबे भरून न्यायची. पाऊस पडो न पडो, धार तेवढीच. थंडीत त्यातून वाफ यायची, उन्हाळ्यात दात शिवशिवायचे.

वरच्या उतारावर एक बंद पडलेला बॅटरीचा कारखाना होता. त्याच्या खड्ड्यांतून शिसं झिरपून वरच्या आळीतल्या विहिरी नासल्या. मग प्रश्न आला झऱ्याचा. पाणीखात्याचे इंजिनिअर, ज्यांना पेठेत "पाना" म्हणत कारण शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पाना असायचा, ते सरळ माणूस. त्यांनी सरळ प्रश्न विचारला. "आज झऱ्यात शिसं नाही, मान्य. पण उद्या येणार की नाही? पाणी जर याच उतारावर मुरून पाच-दहा वर्षांत खाली येत असेल, तर आज ना उद्या विष येणारच. मग मी लोक आजारी पडायची वाट बघत बसू? झऱ्याचं तोंड बुजवतो आणि मोकळा होतो. पाणी जर लांबचं आणि जुनं असेल, तर हात लावत नाही."

वय सांगणारं प्रयोगशाळेत एकच माणूस होतं. लाँड्रीवालीची सून.

पाण्याचं वय काढायची रीत तशी साधी आहे. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचा हायड्रोजनचा एक जडसा भाऊबंद चिमटीहूनही कमी असतो. पाणी जमिनीत गेलं की नवा ट्रिटियम मिळत नाही आणि असलेला दर बारा वर्षांनी निम्मा होतो. भरपूर सापडला तर पाणी तरणं. काहीच सापडला नाही तर पाणी आपल्या आज्या-पणज्यांच्याही आधीचं. तिने बादलीत झऱ्याचं पाणी घेतलं, कोपरापर्यंत हात घालून बाटल्या पाण्याखालीच भरल्या, पाण्याखालीच झाकणं लावली, म्हणजे हवेचा बुडबुडा आत राहू नये. दुसऱ्या बाटलीचं झाकण आट्यात बसेना, तेव्हा बराच वेळ हात गारठवत बसली. काम चोख झालं होतं.

आकडे आले आणि तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. पहिल्या बाटलीतलं पाणी तरणं. दुसऱ्या बाटलीत तर आजच्या पावसात असतो त्याहूनही जास्त ट्रिटियम.

"म्हणजे हे काय उद्याच्या पावसाचं पाणी आहे?" पानासाहेबांनी विचारलं.

"मला अजून कळत नाहीये."

"मला कळतंय. कारखान्याने शिशाबरोबर आणखी काय काय पुरलंय देव जाणे. तेच खाली उतरतंय."

"पण साहेब, दुसरी चाचणी बघा ना. पाण्यात जड ऑक्सिजन कमी आहे, म्हणजे हा पाऊस खूप उंचावर, गारठ्यात पडलाय. तो क्षितिजावरचा मोठा डोंगर दिसतो ना, तिथे. आपल्या टेकडीवर पडणारा पाऊस असा नसतो. आणि तिथलं पाणी पाच-दहा वर्षांत इथवर येणं शक्य नाही."

पानासाहेबांनी टेबलावरचे दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "सूनबाई, तुमचं एक बोट डोंगराकडे आणि दुसरं गटाराकडे. मी कुठे बघू?" आवाज कडक नव्हता, म्हणून जास्तच लागला. "पुन्हा घ्या नमुने. महिनाअखेरीला सिमेंटची गाडी येतेय. त्याच्या आत काही वेगळं आलं तर बघू."

तिने पुन्हा नमुने घेतले, आणखी काळजीपूर्वक. पुन्हा तेच. तरणं पाणी, आणि दोन बाटल्यांचे दोन सूर.

घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती चिमीच्या वाटीतलं झऱ्याचं पाणी ओतून देण्याची. सासूबाई चादरीची घडी घालता घालता थांबल्या. "माझा नवरा हे पाणी पिऊन वाढला, तुझा नवरा वाढला. आता तुझी लेक मरेल होय?"

"आई, मी तसं म्हटलं का?"

"वाटी ओतलीस. म्हणायचं काय राहिलं?" घडी पुन्हा उलगडून त्यांनी पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "हे बघ. माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. चाळीस जणींचं पोट आहे या बॉयलरवर, पण पोरांच्या पोटात शिसं घालून मला लाँड्री चालवायची नाही. फक्त एवढं सांग, तुझं तुला पटलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही पटलंय. पण का, ते सापडत नाहीये."

"मग शोध की. रडतेस काय, चादर भिजतेय."

तिला मॅडम आठवल्या. निवृत्त होऊन टेकडीपलीकडच्या वस्तीत एकट्या राहायच्या. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही उचलला नाही. मॅडमची सवयच होती ती. बागेत असल्या की फोन घरात आणि घरात असल्या की फोन बागेत. सूनबाई वैतागली. पण वैतागाच्या आत ती नेहमीची, नाकाजवळ बोट धरून बघणारी धास्ती वळवळत होती. तिने चिमीला पोटाशी बांधलं आणि बस पकडली.

घर बंद. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "त्या भावाकडे गेल्यात बहुतेक. मागच्या आठवड्यात म्हणत होत्या."

सूनबाई वळली. वळताना तिचं लक्ष पायरीकडे गेलं. कुंपणाच्या कोपऱ्यातून बोटभर रुंदीची पाण्याची रेघ पायऱ्यांवरून उतरत रस्त्याच्या कडेने चालली होती. तिने वाकून हात लावला. गार, स्वच्छ, नळाचं. रेघेच्या कडेला बारीक गाळाची पट्टी साचली होती, म्हणजे हे आत्ताचं नव्हे. आणि मॅडम? ज्या बाई वर्गात गळका नळ दिसला तर फळ्यावर लिटरचा हिशोब मांडायच्या, त्या पाणी सोडून भावाकडे जातील?

ती उगम शोधायला निघाली. हेच तर तिचं काम. रेघ कुंपणाखालून आली होती, कुंपणाच्या आत जाईच्या वेलाच्या मुळाशी डबकं, डबक्यात रबरी नळी. नळीचं एक टोक वाहत होतं आणि दुसऱ्या टोकाकडे, मागच्या दाराच्या ओट्याखाली, मॅडम पडल्या होत्या. पाय भलत्याच कोनात, ओठ पांढरे, डोळे उघडे.

"कोण?" त्या पुटपुटल्या. "नळ बंद कर आधी."

काल संध्याकाळी घसरल्या होत्या. हाक मारून मारून आवाज बसला होता. सूनबाईने नळ बंद केला, शेजारणीला हाक मारली ती अशी की सासूबाईंनाही अभिमान वाटावा, आणि गाडी येईपर्यंत मॅडमचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चिमी मधे बसून मॅडमच्या चष्म्याची काडी चावत होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पायाला सूज आहे, रक्ताची गाठ तर नाही ना ते सोनोग्राफी करून बघू. ती खोली अंधारी असते. पडद्याच्या उजेडात दुसरा डॉक्टर पायावरून यंत्र फिरवत होता आणि मॅडम, सलाइन लागल्यावर जरा तरतरी आलेल्या, सूनबाईची सगळी कहाणी ऐकत होत्या. दोन बाटल्या, दोन सूर. डोंगर आणि गटार. सिमेंटची गाडी.

"दुसऱ्या बाटलीला जास्त वेळ लागला होता का?"

"हो. झाकण बसत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी तिचा हात धरला होता, तो हळूच स्वतःच्या डोळ्यांसमोर आणला. अंधारात मनगटावर हिरवे आकडे. "हे केव्हापासून?"

"बाबांचं आहे. चिमी झाली तेव्हापासून."

"उन्हात ठेवल्यावर चमकतं?"

"नाही… म्हणजे उन्हात कशाला ठेवू? आपोआप चमकतं."

"दिव्याखाली धरून चमकणारी घड्याळं तास-दोन तासांत विझतात. हे पहाटे दूध पाजताना कसं असतं?"

"तसंच. जसंच्या तसं." आणि मग, तिच्याच तोंडून, अगदी हळू, "लहानपणी मात्र खूप चमकायचं. आता निम्म्याहून निम्मं झालंय." ती थांबली. निम्म्याहून निम्मं. दर बारा वर्षांनी. रोज ती हीच उजळणी शिकाऊ मुलांना घोकून घ्यायची.

जुन्या घड्याळांच्या आकड्यांना ट्रिटियमचा रंग लावत. तोच त्यांना उजेड द्यायचा. आणि प्लॅस्टिकच्या डबीतून तो थोडा थोडा झिरपत राहायचा. झऱ्याचं वय सांगायला ती कोपरापर्यंत हात बुडवायची आणि त्या हाताला बाबांचं तारुण्य बांधलेलं असायचं.

"मॅडम," ती म्हणाली, "मी झऱ्याला तरणं केलं."

"तुला सांगितलं होतं, घड्याळ नको म्हणून."

"कारण नव्हतं सांगितलंत."

"विचारलं नाहीस. तुरुंगाचा विनोद केलास." मॅडम हसायला गेल्या आणि पाय हलला म्हणून कळवळल्या. सोनोग्राफीवाला डॉक्टर म्हणाला, "आजी, हलू नका. गाठ नाहीये. आणि आता मलाही माझं घड्याळ बघावंसं वाटतंय."

पुढचं सगळं तिने उघड्यावर केलं. सासरच्या लाँड्रीसाठी सुनेने आकडे फिरवले, असं उद्या कुणी म्हणायला नको. ती पानासाहेबांकडे गेली आणि चूक आहे तशी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. खिशातला पाना काढला, परत ठेवला. "घड्याळामुळे?"

"माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः या. बाटल्यांवर तुमच्या खुणा करा, तुमच्या हाताने दोन वेगळ्या प्रयोगशाळांना पाठवा. कुठली बाटली कुठली, ते मलाही सांगू नका. आणि एका बादलीत मी मुद्दाम घड्याळ बुडवणार आहे."

शनिवारी सकाळी लाँड्रीमागे जत्रा लोटली. सासूबाईंनी मळक्या चादरींची मोठी टोपली आणून हौदाच्या काठावर आपटली. "घड्याळं यात. अंगठ्या यात. साहेब, तुमचंसुद्धा."

"माझं बॅटरीवर चालतं, आजी."

"झऱ्याजवळ बॅटरीचं नाव काढू नका. टाका."

पानासाहेबांनी निमूटपणे घड्याळ टाकलं. त्यांच्यामागून बेकरीवाला, शिंपी, चादरी नेणारी नर्स. बोटातून निघेना अशी एक अंगठी दोघांनी ओढून काढली आणि टाळ्या पडल्या. सूनबाईने बाबांचं घड्याळ काढलं. मनगटावर वर्षभराचा पांढरा पट्टा उमटला होता. हात एवढा हलका वाटला की क्षणभर तिने चिमी कुठे आहे ते बघितलं. चिमी सासूबाईंच्या कडेवर होती आणि हौदातल्या पाण्याकडे हात करत होती.

तिने तिन्ही तोंडांखाली बाटल्या भरल्या. हात गारठून लाल झाले. मग शेवटच्या बादलीत घड्याळ सोडलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि त्यातूनही एक बाटली भरली. साहेबांनी खुणा केल्या, खोक्यात भरल्या, खोकं स्वतः उचललं.

सिमेंटची गाडी पेठेच्या तोंडाशी येऊन उभीच राहिली. चालक रोज झऱ्याचं पाणी प्यायचा आणि रोज विचारायचा, "अजून बुजवायचाय का?" सासूबाई म्हणायच्या, "आधी पिऊन घे, मग विचार."

निकाल घेऊन पानासाहेब स्वतः आले. लाँड्रीत भर दुपार, वाफ, चार इस्त्र्या चालू. त्यांनी काही बोलायच्या आधी सासूबाईंनी हात वर केला आणि सगळ्या इस्त्र्या उभ्या झाल्या.

"एका बाटलीत ट्रिटियम आहे," साहेब म्हणाले. "घड्याळाच्या. बाकीच्यांत शून्य. दोन्ही प्रयोगशाळांत शून्य. मग मी फार जुन्या पाण्याचं वय सांगणारी कार्बनची चाचणीही करायला लावली, खात्रीसाठी." कागद त्यांनी तिच्या हातात दिला. "हजार वर्षांपलीकडचं पाणी आहे, सूनबाई. तुमच्या डोंगरावर पडलं, खडकाच्या पोटातून चालत आलं, आणि वर जाड चिकणमातीचा थर, त्यामुळे कारखान्याचा थेंबही त्यात उतरत नाही. दुसरं बोट कापून टाका. डोंगराकडचं बरोबर होतं."

इस्त्रीवाल्या एकीने दुसरीचा दंड धरला आणि सोडलाच नाही. सासूबाईंनी सूनबाईच्या हातातून कागद घेतला, उलटा धरून वाचल्यासारखं केलं, आणि मग एकदम खुर्चीत बसल्या.

"हजार वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि मी त्यात तुझ्या पोरीचे लंगोट धुतले."

तिथून जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत गेलं. गाडीवाला धावत आत आला, काय झालं ते कळल्यावर डबा भरून घेतला आणि सिमेंट परत घेऊन गेला. जाताना पेठेभर भोंगा वाजवत गेला. पानासाहेबांनी वरच्या कारखान्याचे खड्डे उपसायचा आदेश त्याच आठवड्यात काढला. वरच्या आळीच्या विहिरींचं दुखणं तेवढ्याने संपणार नव्हतं, पण सुरुवात झाली. तोवर वरच्या आळीला पाणी झऱ्यावरून जायला लागलं, लाँड्रीच्याच हातगाडीवर.

सूनबाईने संध्याकाळी चिमीची वाटी हौदात बुडवून भरली आणि तिच्या ओठांना लावली. चिमीने अर्धं प्यायलं, अर्धं फुर्रकन आईच्या तोंडावर उडवलं. हजार वर्षांचा प्रवास तिथे संपला. सूनबाईने तोंड पुसलं नाही.

बाबांचं घड्याळ आता पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर, बाटल्यांपासून लांब. रात्री जाग आली की ती वेळ बघत नाही, पोरीच्या छातीवर हात ठेवते, एवढं पुरतं. दर रविवारी ती मॅडमकडे डबा भरून पाणी नेते. मॅडम काठी टेकत दारात येतात, तिच्या मनगटाकडे बघतात आणि मगच आत घेतात.

आणि जाता जाता तुम्हाला. तुमच्याही ओळखीत एखादी एकटी राहणारी बाई असेल, जी फोन उचलत नाही. भावाकडे गेली असेल, असं शेजारी सांगतील. तुम्हीही तसंच मानाल, कारण ते सोयीचं असतं. एकदा जाऊन या तिच्याकडे, आजच. दार वाजवा, ओ आली नाही तर घराला वळसा घाला, आणि पायरीवरून पाण्याची रेघ उतरताना दिसली, तर ती कुठून येतेय ते बघितल्याशिवाय परत फिरू नका.